सूनबाईचे बारा दगड

टाकीकाकांच्या हातात आयुष्यात कुणी काही सोपवलंच नव्हतं असं नाही. चौतीस वर्षं शहराची पाण्याची टाकी त्यांच्या हातात होती. टाकी म्हणजे टाकीची किल्ली, टाकीचं रजिस्टर आणि टाकीपायी येणाऱ्या शिव्या. नळाला पाणी नाही आलं की लोक काकांच्या नावानं ओरडायचे, आणि आलं की कुणाला त्यांची आठवण व्हायची नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी बिल्डिंगमध्ये त्यांचं टाकीकाका हे नाव काही निवृत्त झालं नाही. तर अशा अनुभवी माणसाकडे एका सोमवारी सकाळी सूनबाईनं बारा दगड सांभाळायला दिले.

आता दगड सांभाळायला काय लागतं, असं तुम्ही म्हणाल. काकूही तेच म्हणाल्या होत्या.

पण त्याआधी सूनबाईबद्दल सांगायला हवं. पोरगी गुणी होती. इतकी गुणी, की काकांना त्याचा त्रास व्हायचा. लग्नाला सहा महिने झाले होते, त्यातले चार मुलगा कंपनीच्या ट्रेनिंगला परगावी, आणि घरात हे तिघंच. तिघंही एकमेकांशी असं वागायचे, जणू दवाखान्याच्या बाकावर बसलेत आणि "तुमचा नंबर आधी, तुम्ही जा" असं चाललंय. चहा कसा झालाय विचारलं की सूनबाई म्हणायची, "छान झालाय बाबा." एक दिवस काकू साखर घालायलाच विसरल्या होत्या, त्याही दिवशी छान झाला होता. पंखा फुल्ल करू का? चालेल बाबा. बंद करू का? तेही चालेल बाबा. 'बाबा' म्हणायची, पण अर्जाच्या सुरुवातीला 'महोदय' लिहितात त्या चालीवर.

"ही पोरगी आपल्याकडे पाहुणी म्हणून राहतेय," काका काकूंना म्हणाले. "अगं, एकदा तरी चिडावं, रुसावं, भांडं आपटावं! आपल्या घरात माणूस असा वागतो का?"

"भांडंच आपटायचं असेल तर मी आहे की," काकू म्हणाल्या.

पण काकांच्या मनातून ते गेलं नाही. मुलगी नव्हती त्यांना. सून आली की मुलगी आली, असं त्यांनी चारचौघांत छाती फुगवून सांगितलं होतं, आणि आली ती ही, जाता-येता 'सॉरी बाबा' म्हणणारी.

म्हणून त्या सोमवारी सूनबाई बॅग भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्रास होणार नसेल तर एक काम सांगू?" तेव्हा काकांना आपली पहिली नेमणूक झाली त्या दिवसासारखं वाटलं. मागच्या गॅलरीत एका मोठ्या ट्रेमध्ये बारा चपटे दगड होते, प्रत्येकावर रंगानं नंबर टाकलेला आणि अंगावर हिरवंगार मखमली शेवाळ. सूनबाई त्याला मॉस म्हणायची. कॉलेजात तिचं संशोधनच त्यावर होतं, मॉस पाणी कसं पितं आणि किती पितं. बारा दिवस ती बाहेरगावी परिषदेला चालली होती.

"सकाळ-संध्याकाळ या बाटलीतलं पाणी वरून फवारायचं," ती म्हणाली. "नळाचं नको. आणि बाकी काहीच करायचं नाही."

बाकी काहीच करायचं नाही! काकांना आयुष्यात हा एकच हुकूम कधी पाळता आला नव्हता. चालू मिक्सर त्यांनी 'जरा बघतो' म्हणून उघडला होता, तो गेली तीन वर्षं डब्यात सुट्या भागांत नांदत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी इमानेइतबारे फवारा मारला आणि तिथंच त्यांचं डोकं अडकलं. पाणी वरून? पानांवर? चौतीस वर्षांच्या नोकरीत पाणी असं उघड्यावर उडालं की त्याला गळती म्हणत, आणि गळतीची चौकशी होई. पाणी खालून जातं, पाइपातून जातं, हिशेबात जातं. झाडाचंही तेच, मूळ म्हणजे काय, तर मुख्य जलवाहिनी! तेव्हा थेट मुळाशी पाणी द्यावं या सरळ हेतूनं त्यांनी चार नंबरच्या दगडावरचं शेवाळ कडेनं जरासं उचललं. खाली मूळ नव्हतंच! नुसते केसासारखे चार तंतू, तेही दगडाला धरून ठेवण्यापुरते.

"अगं, याला कनेक्शनच नाही!" काका ओरडले.

"सूनबाईला फोन करून विचारा," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

"छे! पहिल्याच दिवशी फोन? म्हणेल, बाबांना एवढंही जमेना."

समोरच्या दारातून हे ऐकणारे एक वकील होते. कोर्टात त्यांचा सल्ला फारसा कुणी घेत नसे, त्यामुळे तो घरी भरपूर शिल्लक असायचा. ते येऊन दगडांभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "काका, मूळ नाही म्हणजे मालकीचा पुरावाच नाही. याला आधी जमीन द्या. खाली माती आली की ते आपोआप ताबा घेईल."

काकांना ते पटलं. पटण्याचं कारण असं, की त्यात काहीतरी करायला मिळत होतं.

नर्सरीवाल्यानं माती दिली, मातीबरोबर खताची पुडी दिली आणि खताबरोबर आश्वासन दिलं की आठ दिवसांत फरक बघा. फरक म्हणजे कुठल्या बाजूला, ते काकांनी विचारलं नाही. त्यांनी ट्रेमध्ये माती पसरली, दगड निम्मे पुरले आणि खत पाण्यात कालवून बारा नंबरपासून उलट्या क्रमानं एकेकावर ओतलं. पुडी सात दगडांत संपली. उरलेल्या पाचांना उद्या देऊ म्हणाले, पण नर्सरी नेमकी आठवडाभर बंद निघाली. आपल्या हातून पाच जणांवर अन्याय झाला, असं वाटून काकांना त्या रात्री नीट झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी फवाऱ्याची बाटली रिकामी. काकूंनी ते पाणी कपड्यांना इस्त्री करताना शिंपडून संपवलं होतं.

"बाटलीवर काही लिहिलं होतं का?" काकूंनी उलट विचारलं. "पाणी म्हणजे पाणी. आणि खरं सांगू? इस्त्री काय सुरेख झाली!"

मग नळाचं पाणी सुरू झालं. सूनबाई नको म्हणाली होती, पण हे पाणी कुणाच्या देखरेखीत वाढलंय हे तिला कुठं माहीत होतं? चौतीस वर्षं काकांनी त्यात औषध टाकताना मोजमाप चुकवलं नव्हतं. त्याच पाण्याला आपल्याच घरात नाही म्हणायचं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी दिवसातून दोनदाचा फवारा चारदा केला.

पाचव्या दिवशी मखमलीवर पांढरी पूड दिसायला लागली, बादलीच्या कडेला साठते तशी. सहाव्या दिवशी कडा पिवळ्या पडल्या, तेव्हा पाणी जास्त झालं असं ठरवून काकांनी फवारा बंद केला आणि ट्रे उन्हात सरकवला. आठव्या दिवशी बाराच्या बारा दगडांवर तपकिरी, कुरकुरीत, आखडलेलं काहीतरी होतं, बोट लावलं की भुगा होणारं. आणि त्याच दुपारी सूनबाईचा फोन आला.

"बाबा, दगड कसे आहेत?"

"मजेत!" काका म्हणाले.

मग ती म्हणाली, "बरं बाबा. थँक यू." फोन ठेवल्यावर काकूंनी काकांकडे असं बघितलं की काका चपला शोधायला लागले.

शेवाळ जगात कमी आहे का? आपल्या जुन्या टाकीच्या मागच्या भिंतीवर बोटभर जाडीचं शेवाळ आहे, हे काकांइतकं कुणाला ठाऊक? ते काढा म्हणून वरून दर वर्षी पत्र यायचं आणि काका दर वर्षी 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहून पाठवायचे. पिशवी आणि उलथनं घेऊन ते टाकीवर पोचले. वॉचमन जुनाच होता, त्यानं उठून सलाम केला आणि दार मात्र उघडलं नाही.

"साहेब, पत्र लागतं."

"अरे, मी! मला पत्र?"

"भिंतीला, झाडाला, मातीला विनापरवाना हात लावू नये," वॉचमननं पाठीमागचा फलक वाचून दाखवला. "खाली सही कुणाची आहे बघा."

सही काकांची होती. चांगली ठसठशीत, कुणी खोडू नये म्हणून खाली दोन रेघा मारलेली.

आपल्याच जुन्या ऑफिसात काका पहिल्यांदा खिडकीच्या अलीकडच्या बाजूला उभे राहिले. आतल्या बाईंनी त्यांना ओळखलं नाही. ओळखतील म्हणून काकांनी दोनदा खाकरूनही बघितलं, तेव्हा बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"शेवाळ," कॉम्प्युटरवर टाइप करत बाई म्हणाल्या. "तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही हो. मला ते हवंय."

बाईंनी चष्मा वर केला. "हवंय असा रकाना नाही, काका. शेवाळ म्हटलं की तक्रारच येते. तुम्ही तक्रार टाका आणि खाली 'इतर' मध्ये काय ते लिहा."

काकांनी लिहिलं, 'सदर भिंतीवरील शेवाळ अर्जदारास मिळावे, ही नम्र विनंती.' 'इतर' हा रकाना कुणी वाचत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! त्यांनी स्वतः तो चौतीस वर्षं वाचला नव्हता. पण त्यांचा भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर होता. तक्रार म्हणजे तीन महिने काही होत नाही. तोवर अर्जाची पोच दाखवून वॉचमनला गुंडाळायचं आणि पिशवी भरून आणायची.

पण खात्याला मधल्या काळात सुधारणेची बाधा झाली होती. तक्रार चोवीस तासांत मिटवायची, असा नवा आदेश निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पोच घेऊन टाकीवर गेले, तर चार माणसं तारेचे ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन भिंतीवर तुटून पडलेली! तीन भाग भिंत पांढरीफटक झाली होती. वर्षानुवर्षं निगुतीनं न काढलेलं शेवाळ डोळ्यांदेखत गटारात चाललं होतं.

"थांबा! थांबा!" काका पिशवी हलवत धावले.

"तक्रारदार तुम्हीच ना?" मुकादम खूश होऊन म्हणाला. "या, असे भिंतीपुढे उभे राहा. फोटो वर पाठवावा लागतो. जरा हसा की काका!"

तो फोटो संध्याकाळपर्यंत बिल्डिंगच्या ग्रुपवर आला. वकिलांनी वर लिहिलं होतं, 'टाकीकाकांच्या अथक पाठपुराव्याला यश! जे नोकरीत जमलं नाही ते निवृत्तीत करून दाखवलं!' खाली एकेचाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. फोटोत काकांच्या हातात एक फुगलेली पिशवी होती. ती कसली, हे कुणी विचारलं नाही. मुकादमाच्या हातापाया पडून शेवटच्या कोपऱ्यातलं, पावडर न लागलेलं शेवाळ त्यांनी कसंबसं वाचवलं होतं.

मग काका गॅलरीचं दार लावून बसले. दगड मातीतून उपसले, जुनं खरवडलं, दगड धुतले आणि नवं शेवाळ डिंकानं चिकटवलं. बारा दगड पुन्हा हिरवेगार झाले, अगदी मूळच्यापेक्षा झकास.

"मला हे पटत नाही हं," काकू दारातून म्हणाल्या. "ती आली की सरळ सांगून टाका."

"सांगतो ना. आधी तिचा प्रवासाचा शीण तर उतरू दे."

सूनबाई आली ती आधी गॅलरीत गेली. दगड बघून तिचा चेहरा खुलला. "बाबा, किती छान सांभाळलंत हो! मी उगाच काळजी करत होते."

सहा महिन्यांत ती पहिल्यांदा अशी मनापासून हसली होती. आता बोला! सांगायचं म्हणून काकांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं छोटा वजनकाटा मांडला. सुकं मॉस जोखायचं, पाणी फवारायचं, पुन्हा जोखायचं, म्हणजे कुणी किती पाणी प्यायलं ते कळतं. काका शेजारी वेताचा मोडा घेऊन बसले, आणि ती आपण होऊन सांगायला लागली.

"गंमत बघा बाबा, याला मुळं नसतात. पान एवढं पातळ, की पेशींचा एकच थर. सगळ्या अंगानं पाणी पितं. धुकं, दव, पाऊस, जे मिळेल ते. दोन पानांच्या फटीतसुद्धा पाणी धरून ठेवतं, फडक्यासारखं. आणि खाणंही तसंच, पावसातून, उडत्या धुळीतून जे चिमूटभर क्षार येतील तेवढ्यावर भागतं. पण म्हणूनच जपावं लागतं. अंगावर जे पडेल ते सगळं आत जातं ना. चांगलं तसं वाईटही. दार लावून घेण्याची सोयच नाही बिचाऱ्याला."

काकांना खताची पुडी आठवली. त्यांनी मोडा जरा मागे सरकवला.

पण काट्यावरचे आकडे बघून सूनबाईनं जुनी वही उघडली. चार नंबरचं मॉस स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी प्यायचं, नऊ नंबरचं जेमतेम तिप्पट. आठ महिने ती हेच मोजत होती, हाच तिच्या निबंधाचा गाभा होता. आणि आता बाराच्या बारा सारखंच पीत होते! पिणारच. एकाच भिंतीवरचं एकच शेवाळ ते. तिनं पुन्हा मोजलं. काटा बदलून मोजलं. दोन दिवस ती वहीत डोकं घालून बसली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी येऊन नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "आई, मला भूक नाही. तुम्ही दोघं जेवून घ्या ना."

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. माझी पहिल्यापासून मोजण्यातच काहीतरी चूक झाली असणार. माझ्या गाइड मॅडमना पत्र लिहिलंय, निबंध मागे घेते म्हणून. आता पाठवून टाकते." ती हसली, पण डोळे सुजलेले होते.

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांना वाटलं होतं, गोष्ट दगडांची आहे. ती तर या पोरीची होती. त्यांच्या डिंकापायी ती स्वतःला मूर्ख ठरवून मोकळी झाली होती, आणि वर त्यांनाच जेवून घ्या म्हणत होती.

"पत्र पाठवू नकोस," काका म्हणाले. "तुझं काही चुकलेलं नाही. मी चुकलोय."

आणि खातेनिहाय चौकशीत सांगावं तसं त्यांनी तारीखवार सगळं सांगितलं. माती, खत, इस्त्री, नळ, टाकी, तक्रार, डिंक. काहीही वगळलं नाही. सूनबाई उभ्या उभ्या ऐकत होती. डिंकाला पोचेपर्यंत तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"डिंक?" ती म्हणाली. "माझ्या चार नंबरला डिंक लावलात?"

"बाराही नंबरांना," काका प्रामाणिकपणे म्हणाले.

"अहो बाबा, अक्कल काय गहाण टाकली होती का?" सूनबाई कडाडली. टेबलावरचा डबा तिनं असा आपटला की झाकण थेट फ्रिजखाली गेलं. "नळाचं नको म्हणून सांगितलं होतं ना मी? बाकी काही करू नका म्हटलं होतं ना? काही न करणं इतकं अवघड असतं का हो? आठ महिने, बाबा! आठ महिने मी त्यांच्या मागे..."

"अगं, त्यांचा हेतू..." काकूंनी मध्ये पडून बघितलं.

"आई, तुम्ही तर बोलूच नका! माझं पाणी इस्त्रीला घातलंत तुम्ही!"

काकूंनी बसल्या जागी पदर सावरला आणि शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घातली.

"आणि मी दोन दिवस स्वतःला शिव्या देतेय! रडले मी, ठाऊक आहे? आणि हे आपले शेजारी मोडा टाकून बसलेत! 'मजेत' म्हणे! दगड कधी मजेत असतात का?"

बोलता बोलता तिला एकदम भान आलं. समोर सासरे, शेजारी सासू, फ्रिजखाली झाकण. तिनं तोंडावर हात ठेवला, चेहरा पडला, आणि ते नेहमीचं 'सॉरी' तिच्या ओठांवर येऊ लागलेलं काकांना स्पष्ट दिसलं. ते बाहेर पडलं की संपलं, पुन्हा सगळं छान आणि चालेल. काका घाईघाईनं म्हणाले,

"थांबू नकोस. खताबद्दल अजून बोलली नाहीस."

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हात खाली आला.

"खताचं तर नावच काढू नका!" ती म्हणाली, आणि खतावर स्वतंत्रपणे दहा मिनिटं झाली.

पुरती दमल्यावर तिनं खुर्ची ओढली आणि विचारलं, "जुनं मॉस कुठल्या कचऱ्यात टाकलंत?"

काका उठले आणि कपाटातून बारा पाकिटं घेऊन आले. प्रत्येकावर नंबर, तारीख आणि सही. सरकारी माणूस, नष्ट करण्याची मंजुरी नसताना काहीही नष्ट करत नाही. सूनबाईनं त्यातला सुका भुगा बशांमध्ये मांडला, स्वच्छ पाणी शिंपडलं, आणि तिघांची डोकी टेबलावर वाकली. सात बशा तशाच राहिल्या. पण ज्यांना खत मिळालं नव्हतं, त्या पाच बशांतली आखडलेली पानं दोन-चार मिनिटांत हलली, उलगडली, आणि हळूहळू हिरवी झाली. त्यात चार नंबर होता.

"मेलं नव्हतं," काका पुटपुटले.

"वाळलं होतं," सूनबाई नाक पुसत म्हणाली. "वाळलं तरी ते वाट बघतं. पण म्हणून पुन्हा प्रयोग करू नका हं! सातची वाट लावलीच आहे तुम्ही. ते नव्यानं गोळा करायला लागतील, दोन महिने गेले माझे. उद्या सकाळी सहाला माझ्याबरोबर निघायचं. पिशवी तुम्ही उचलायची. आणि कशालाही हात लावायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका बूट घालून दारात उभे होते. समोरचं दार किलकिलं झालं आणि वकील हळू आवाजात म्हणाले, "काका, काल घरात जरा आवाज येत होते. सगळं ठीक ना? नाही, काही लागलं तर मी आहे."

"आवाज?" काकांची छाती पुढे आली. मुलगी बोर्डात पहिली आल्याचं सांगावं तशा स्वरात ते म्हणाले, "आमची सूनबाई होती ती! मला बोलत होती! चांगला पाऊण तास! अक्कल काढली हो माझी, डबा आपटला! हिलासुद्धा सोडलं नाही!"

वकिलांना यावर काय सल्ला द्यावा ते सुचेना.

"बाबा!" खालून जिन्यातून हाक आली. "येताय की मी जाऊ?"

"ऐकलंत?" काका वकिलांना म्हणाले, आणि पिशवी काखोटीला मारून दोन-दोन पायऱ्या उतरत धावले.